घुबड ओळखायचं तर आधी पायाखालची जमीन बघा

माझी पुतणी म्हापशाला असते. तिच्या ओळखीतल्या कुणालाही रात्री घुबड दिसलं की तो फोटो फिरत फिरत माझ्या व्हॉट्सॲपवर येतो. फोटोत अंधार, एक फांदी आणि दोन चकाकते ठिपके. खाली प्रश्न: "काका, हे कुठलं?" मी उत्तर देत नाही, उलट विचारतो. उभी कुठे होतीस? ऐकू काय आलं? डोकं गोल होतं की कानाशी तुरे होते? डोळे पिवळे की काळे? ती वैतागते, "काका, फोटोत सगळं दिसतंय की!" फोटोत काहीच दिसत नसतं. दिसतो तो रंग, आणि घुबडाच्या बाबतीत सगळ्यात खोटारडी गोष्ट तीच.

मी गोव्यात लाईनमन होतो. डिचोली, सत्तरी आणि धारबांदोडा या तीन तालुक्यांत नोकरी गेली. रात्री लाईन ट्रिप झाली की टॉर्च घेऊन खांबामागून खांब बघत जायचं, कुठे फांदी टेकलीय, कुठे इन्सुलेटर फुटलाय. वर उजेड मारावा तर आडव्या पट्टीवर कोणीतरी बसलेलं. सोबतचा हेल्पर म्हणायचा, "दादा, त्याच्याकडे बघू नका, उद्या कुणाचं तरी कळेल." मी बघायचो. पुढे दुर्बीण घेतली, नावं पाठ झाली, पण ओळखायची रीत खांबाखालचीच राहिली: आधी जागा, मग आवाज, मग डोकं, मग डोळे, जमलं तर पाय. रंग सगळ्यात शेवटी.

रंगाला शेवटचा नंबर का, तर तो घुबडापेक्षा दिव्याचा जास्त असतो. जुन्या सोडियम दिव्यांच्या पिवळ्या उजेडात कुठलंही घुबड विटकरी दिसायचं. आता गावोगाव एलईडी लागले, त्यात तेच घुबड राखाडी दिसतं. त्यात भर म्हणजे काही जातींत एक पक्षी राखी आणि त्याचाच सख्खा भाऊ तांबूस असू शकतो.

जागेचं मात्र तसं नाही. गोवा केवढासा, किनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंत जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटर. पण तेवढ्यात जमीन किती वेळा बदलते बघा. खाजनं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, आणि भाताचे मळे, मग वाडे, देवळं, चर्च, आंब्या-फणसांची परसं, मग जांभ्याचा सडा आणि काजूच्या बागा, फोंड्याकडची कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा), आणि शेवटी मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगावचं दाट रान. गोव्यात घुबडं डझनभर जातींची. तुम्ही यातल्या कुठल्या पट्टीत उभे आहात हे पक्कं ठरवलं की त्यातली निम्मीअधिक नावं तिथेच गळतात. उरलेल्यांसाठी कान आहेत.

सुरुवात पिंगळ्यापासून करावी, कारण तो आपणहून ओळख करून देतो. साळुंकीएवढा, एकवीस सेंटिमीटरचा, गोल डोक्याचा, तुरे नाहीत. पिवळे डोळे, त्यांवर पांढऱ्या भुवया, गळ्याशी पांढरा पट्टा, डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके. गावात, बाजारात, देवळासमोरच्या वडा-पिंपळाच्या ढोलीत, कौलांच्या फटीत, कुठेही. रस्त्यावरच्या दिव्याखाली किडे जमतात, म्हणून दिव्याचा खांब ही त्याची ठरलेली जागा. दिवसासुद्धा ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो. तुम्ही बघताय हे कळलं की डोकं वर-खाली करून तुमचं माप घेतो. बहुधा जोडी असते, आणि संध्याकाळी दोघं मिळून "चिर्रूर-चिर्रूर, चिवक-चिवक" असं जे सुरू करतात त्यात नवरा-बायकोचं भांडण किती आणि प्रेम किती हे मला अजून कळलेलं नाही.

गाव संपून कुळागर सुरू झालं की पिंगळ्याचा भाऊबंद सुरू होतो, जंगली पिंगळा. उंची तीच, डोकं तसंच गोल, डोळे तेच पिवळे. फरक एकच, पण तो डोळ्यांत भरतो: याच्या अंगावर ठिपके नाहीत, रेघा आहेत. डोक्यापासून शेपटीपर्यंत बारीक आडव्या रेघा, दाट. गळ्याशी तो पांढरा पट्टा नाही, ठळक भुवई नाही. आपल्याकडच्या जंगली पिंगळ्याचं डोकं आणि मान तांबूस असते, त्यामुळे सुपारीच्या बागेत सकाळच्या कोवळ्या उन्हात तो फारच देखणा दिसतो. त्याला रात्रीची वाट बघायला लागत नाही, पहाटे आणि कलत्या दुपारी तो हमखास ओरडतो. आवाज आधी सुटा सुटा, "प्राव... प्राव...", मग जुनी स्कूटर किक मारल्यावर हळूहळू पेट घेते तसा जलद होत जातो आणि एकदम बंद पडतो. एकदा ऐकलात की आयुष्यभर विसरणार नाही.

इथे नावाचा एक गोंधळ टाळा. पुस्तकातला रानपिंगळा हा तिसराच पक्षी. तो नामशेष झाला असं समजत होते, १९९७ साली आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला. सातपुड्याच्या आणि ठाणे-पालघरच्या सागवानी रानांत आता तो माहीत आहे. कुळागरात दिसला म्हणून कुणी "रानपिंगळा, रानपिंगळा" असा गाजावाजा केला तर आधी रेघा मोजायला सांगा.

गव्हाणी घुबडाला माणसाने बांधलेली आणि मग विसरलेली जागा लागते. गोव्यात अशा जागांना काय तोटा? भाटकारांची, म्हणजे जमीनमालकांची, कुलूपबंद घरं, धनी मुंबईला, नाहीतर पोर्तुगालला, नाहीतर गल्फात. माळ्यावर उंदीर, छपरात भोक. तसंच चर्चचा घंटेचा मनोरा, देवळाच्या शिखराखालचा कोनाडा, जुन्या गिरणीचं छत. पांढराशुभ्र चेहरा, बदामाच्या पत्त्यावरच्या आकाराचा, त्यात काळेभोर डोळे, तुरे नाहीत, पाय लांब, पाठ सोनेरी-राखी आणि पोट पांढरं. दुसऱ्या कुठल्याही घुबडाशी घोळ होणं शक्य नाही. उडताना खालून पांढरं दिसतं, आणि पंखांचा आवाज म्हणाल तर शून्य. घूत्कार ते करतच नाही. ते किंचाळतं, लांब खरखरीत "ख्ख्रीऽऽ". पिल्लं घोरल्यासारखा फुसकारा काढतात, अर्धी रात्र. बंद घरात भूत आहे म्हणून मला एकदा बोलावणं आलं होतं, वायरिंगमधून आवाज येतोय अशी तक्रार. माळ्यावर चार पिल्लं ओळीने उभी होती, डोलत.

अशा घराखाली किंवा मनोऱ्याच्या पायऱ्यांवर अंगठ्याएवढ्या काळपट गोळ्या पडलेल्या दिसतील. ती विष्ठा नव्हे. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेले केस-हाडं तोंडावाटे परत टाकतं. पक्षी दिसला नाही तरी गोळी सगळं सांगते, तेव्हा ती उघडायला शिका. हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, गोळी कोमट पाण्याच्या बशीत पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि दोन सुयांनी हलकेच केस बाजूला करा. आतून कवटी निघेल, बहुतेक वेळा अख्खी, कारण घारी-ससाण्यांच्या पोटात हाडं विरघळतात तशी घुबडाच्या पोटात फारशी विरघळत नाहीत. आता जबडा बघा. पुढे दोन लांब, पिवळट-केशरी दात, मग मोकळी जागा, मग दाढा, असं असेल तर उंदीर. मोकळी जागाच नाही, टोकापासून मागेपर्यंत टोकदार पांढऱ्या दातांची अखंड ओळ, तर ती चिचुंद्री. भाताच्या मळ्याजवळच्या घरातल्या गोळ्यांत एकामागून एक उंदरांचे जबडे निघतात. शेतकऱ्याला हे दाखवलं की घुबडाबद्दलचं त्याचं मत बदलायला माझं भाषण लागत नाही.

मळ्यात आणि खाजनाच्या बांधावर रात्री दिसतं ते बहुधा हेच गव्हाणी घुबड, शिकारीला आलेलं. सड्यावर मात्र हिवाळ्यात डोळे उघडे ठेवा. छोट्या कानांचं घुबड हा उत्तरेकडून येणारा हिवाळी पाहुणा गवताळ माळांवर उतरतो. आपल्याकडे क्वचित. झाडावर नाही, जमिनीवर बसतं, आणि मावळतीला गवतावरून खालून खालून, तरंगत उडतं. दिसलं तर नशीब समजा आणि फोटो काढा, कारण तोंडी सांगून कुणी विश्वास ठेवणार नाही.

आता आवाजाकडे येऊ, कारण पुढची दोन घुबडं डोळ्यांपेक्षा कानांनीच वेगळी होतात. शिंगळे दोन. मोठा शिंगळा, इंडियन स्कॉप्स आऊल, तेवीस-चोवीस सेंटिमीटरचा, आणि छोटा शिंगळा, ओरिएंटल स्कॉप्स आऊल, एकोणीसचा. दोघांच्याही डोक्यावर तुरे, दोघेही खोडाच्या सालीत बेमालूम मिसळणारे. तुरे म्हणजे कान नव्हेत, नुसती पिसं. घाबरला की उभी, निवांत असला की आडवी, त्यामुळे "शिंगं दिसली नाहीत" एवढ्यावरून कुणाला बाद करू नका.

मोठ्या शिंगळ्याचे डोळे तपकिरी, काळपट. छोट्याचे पिवळे जर्द. डोळे दिसले तर काम संपलं. पण दिसत नाहीत, कारण दोघंही उजेड पडला की डोळे बारीक करतात. मग ऐका. मोठा एकच अक्षर बोलतो, "वुट्?" काही सेकंद थांबतो, पुन्हा "वुट्?" प्रत्येक वेळी प्रश्न विचारल्यासारखा शेवटी किंचित वर चढणारा. अर्धा तास, तास, न कंटाळता. आपल्या परसातल्या आंब्यावर, काजूच्या बागेत, बांबूच्या बेटात जो रात्रभर विचारत बसतो तो हाच. छोटा लयीत बोलतो, तीन-चार ठोक्यांचा ठेका, "टुक्-टुक्-टटुक्", थांबून पुन्हा तोच. तो रानातला. तांबडी सुर्लाला महादेवाच्या कदंबकालीन देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जानेवारी-फेब्रुवारीत गाडी थांबवून इंजिन बंद करा, पाच मिनिटांत ठेका ऐकू येण्याची शक्यता चांगली. हाच तो, एक राखी तर एक तांबूस असणारा. तांबूस दिसला म्हणून वेगळं नाव शोधायला जाऊ नका.

शिंगळ्यांवरून पुढे, जुन्या आमरायांकडे. मॉटल्ड वुड आऊल हे घुबड दिसण्याच्या खूप आधी घाबरवतं. गावाच्या कडेला जुने आंबे, वड, चिंचा जिथे शिल्लक आहेत तिथे तिन्हीसांजेला ते एक लांब, थरथरती हाक देतं, "चुहुऽऽआऽऽऽ", मध्येच कापरी होऊन विरणारी. आमच्याकडे अशा झाडाखालून रात्री जाऊ नये, देवचार हाक मारतो असं पोरांना बजावलं जायचं. मी खांबावर असताना ही हाक पंधरा फुटांवरून ऐकली आहे, सेफ्टी बेल्ट होता म्हणून बरं. पक्षी म्हणाल तर कावळ्यापेक्षा थोराड, साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर. डोकं गोल, तुरे नाहीत, डोळे काळे, आणि चेहऱ्यावर डोळ्यांभोवती एकात एक बारीक वर्तुळं. अंगभर राखी, पांढरी, तांबूस नक्षी इतकी बारीक की सालीवरून नजर घसरते. गळ्याशी पांढरा अर्धचंद्र. दिवसा ते दाट पानोळ्यात बसलेलं असतं. कोतवाल आणि बुलबुल एखाद्या फांदीभोवती जमून कलकलाट करत असतील तर तिथे दुर्बीण लावा. जुनं आंब्याचं झाड तोडलं की हे घुबड गावातून जातं. नव्या घराच्या प्लॉटमध्ये लावलेली शोभेची ताडं त्याला चालत नाहीत.

याचं रानातलं भावंड ब्राउन वुड आऊल. तेही गोल डोक्याचं, काळ्या डोळ्यांचं, पण आणखी मोठं, गडद तपकिरी, चेहरा तांबूस-पिवळट आणि त्याला काळी किनार, डोळ्यांभोवती काळं, वर पांढरी भुवई. पोटावर बारीक आडव्या रेघा. दोघांत निवड करायची तर नक्षी बघत बसू नका. गावाजवळची आमराई असेल तर मॉटल्ड, मोले-बोंडलाचं दाट सदाहरित रान असेल तर ब्राउन. चेहऱ्यावरची गोल गोल वर्तुळं ही खात्रीची खूण, ती फक्त मॉटल्डला. ब्राउनची हाक खोल आणि छोटी, "हू... हुहुहू", थरथर नाही.

हॉक आऊल, म्हणजे ब्राउन हॉक आऊल, मला सगळ्यात उशिरा कळलं, कारण ते घुबडासारखं दिसतच नाही. चपटा गोल चेहराच नाही. डोकं लहान, गडद, डोळे पिवळे, चोचीच्या मुळाशी पांढरा ठिपका, शेपटी लांब आणि पट्ट्यापट्ट्यांची, पांढऱ्या पोटावर तांबूस-तपकिरी थेंब. अंधुक प्रकाशात शिक्रा, म्हणजे तो छोटा शिकारी पक्षी, बसलाय असंच वाटतं. पण शिक्रा अंधार पडल्यावर तारेवर बसून किड्यांवर झेपा घेत नाही, हे घेतं. कुळागराच्या कडेला, ओहोळाजवळ, रानाच्या तोंडाशी उघड्या जागी बसतं. आवाज गोड, दोन अक्षरांचा, दुसरं वर चढणारं: "कूऽउक्, कूऽउक्, कूऽउक्", दहा-पंधरा वेळा एका दमात. मार्च-एप्रिल-मेमध्ये, काजूच्या हंगामात, सावई-वेरेकडच्या कुळागरांत संध्याकाळी सातनंतर नुसतं ओट्यावर बसा.

आता मोठी घुबडं. इथे पाय बघायला शिकायचं.

डिसेंबरात मये तलावाकडून एक फोटो आला. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर मोठं घुबड, तुरे आहेत, डोळे पिवळे. पाठवणाऱ्याने खाली लिहिलं होतं, शृंगी घुबड. मोठं, तुरेवालं, पिवळ्या डोळ्यांचं म्हटलं की दोन नावं समोर येतात, शृंगी घुबड आणि मत्स्य घुबड. जागा पाण्याची, म्हणजे मत्स्य घुबडाकडे कल. तुरे बघितले: शृंगीचे तुरे ताठ उभे असतात, मत्स्य घुबडाचे विस्कटलेले आणि आडवे पडलेले. फोटोतले आडवे. चेहरा बघितला: शृंगीच्या चेहऱ्याला काळी चौकट असते, डोळे नारिंगीकडे झुकणारे, मत्स्य घुबडाला अशी ठळक चौकट नाही, गळ्याशी पांढरा डाग. फोटो मोठा करून पाय बघितले, तर नडगी उघडी, पिसांशिवाय. संपलं. शृंगी घुबडाच्या पायांवर बोटांपर्यंत पिसं असतात. माशांसाठी पाण्यात पाय घालणाऱ्याला ओली पिसं परवडणार नाहीत, म्हणून मत्स्य घुबडाचे पाय उघडे, आणि तळव्यांना खरखरीत काटेरी खवले, निसटता मासा धरायला.

मत्स्य घुबड बघायचं तर सूर्यास्ताच्या आधी जा. ओहोळातल्या मोठ्या दगडांवर खेकड्यांच्या कवचांचे तुकडे आणि चुन्याचे पांढरे ओघळ दिसले की त्याची बैठक सापडली. मासे, बेडूक, कुर्ल्या, काही वर्ज्य नाही. हाक खोल, छातीत घुमणारी, "बूम्-ऊ-बूम्". आणि त्याच्या पंखांचा आवाज येतो. हे मी आधी ऐकीव म्हणून सोडून दिलं होतं, नंतर दोन पिसं शेजारी शेजारी बघायला मिळाली. गव्हाणीच्या उडायच्या पिसाची पुढची कड बोटाने चाचपली तर बारीक दातरे लागतात, वरची बाजू मखमली, मागची कड झिरझिरीत. हवा त्या दातऱ्यांत कापली जाते आणि आवाज मरतो. मत्स्य घुबडाच्या पिसाची कड सरळ, गुळगुळीत. पाण्यातल्या माशाला पंखांचा आवाज ऐकूच जात नाही, मग चोरपावलांची गरज काय? पीस बघून झालं की तिथेच ठेवा, घरी नेऊ नका.

शृंगी घुबड आपल्याकडे कमी. त्याला कडे, घळी, जांभ्याच्या सोडून दिलेल्या खाणी, असं खडकाळ लागतं. "बू-बोऽऽ" अशी दोन अक्षरी हाक, दुसरं लांबवलेलं.

दाट रानातलं सगळ्यात मोठं घुबड स्पॉट-बेलीड ईगल आऊल. साठ सेंटिमीटरच्या पुढे, तुरे तिरके, डोळे काळपट तपकिरी, चोच पिवळी, आणि पांढरट पोटावर काळपट ठिपके. मोठं, तुरेवालं, पण डोळे पिवळे नाहीत, एवढ्यावर ते वेगळं होतं. त्याची किंकाळी इतकी माणसाच्या आवाजाच्या जवळ जाते की श्रीलंकेत त्यावरून भुताच्या पक्ष्याची कथा आहे. दिसण्याची आशा धरून मात्र जाऊ नका.

जे घुबड नाहीत पण घुबड म्हणून फोटोत येतात तेही दोन आहेत. रस्त्यावर सपाट बसलेला, गाडीच्या दिव्यात ज्याचे डोळे निखाऱ्यागत लाल पेटतात, तो रातवा. आणि बोंडला, मोले, तांबडी सुर्लाच्या बांबूत, वेलींच्या गुंत्यात, कमरेच्या उंचीवर खेटून बसलेली एक राखी आणि एक तांबूस जोडी, चोच रुंद, चेहऱ्यावर मिशा, तो श्रीलंकन फ्रॉगमाऊथ. पर्यटकांचे गाईड त्याला दाखवायला फार उत्सुक असतात. दिवसभर ती जोडी हलत नाही, म्हणून लोक एकमेकांना ढकलत फोटो काढतात. दहा पावलं मागे राहून दुर्बिणीतून बघा.

बाहेर पडायचं कधी? डिसेंबर ते मे. जूनला पहिला पाऊस पडला की बेडूक आणि रातकिडे एवढा गोंगाट करतात की घुबडाची हाक शोधणं म्हणजे जत्रेत हरवलेलं पोर शोधणं. चांदणी रात्र, वारा पडलेला, तिन्हीसांज ते नऊ, नाहीतर पहाटे चार ते सहा. टॉर्च मंद ठेवा, त्यावर लाल जिलेटीन लावा, आणि उजेड डोळ्यांवर नव्हे तर फांदीच्या बाजूला मारा. अभयारण्यात अंधार पडल्यावर प्रवेश नसतो, तेव्हा रस्ता आणि गावाची हद्द हीच आपली जागा. घुबडाला हद्द माहीत नसते, ते बाहेरही येतं. सड्यावर फुरसं असतं, गमबूट घाला. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाच्या साथी झाल्या आहेत आणि तो गोचिडांतून येतो, तर उन्हाळ्यात रानाच्या कडेला जाताना पूर्ण पँट, मोजे वर ओढलेले, घरी आल्यावर आंघोळ. आणि गवा समोर आला तर घुबड विसरा.

मोबाईलवर घुबडाची हाक वाजवून त्याला बोलावू नका. हे मी पुतणीला रागावून सांगितलं आहे, तुम्हाला प्रेमाने सांगतो. त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत शिरला, ते शिकार सोडून भांडायला येतं, आणि याच महिन्यांत अंडी-पिल्लं असतात.

पिल्लू जमिनीवर सापडलं तर लगेच उचलून खोक्यात घालू नका. उडायला शिकण्याआधी पिल्लं फांद्यांवर सरपटतात, पडतात, चोच-नखं वापरून परत चढतात; आई-बाप जवळच असतात. रस्त्यावर असेल तर फडक्यात धरून जवळच्या जाडसर फांदीवर ठेवा आणि मागे फिरा. पंख मोडला असेल किंवा तारेचा शॉक बसला असेल, तर अंधाऱ्या खोक्यात ठेवून वन खात्याला कळवा, पाणी पाजण्याच्या भानगडीत पडू नका.

नोंद ठेवताना तारीख, वेळ, झाड, हाक कशी ऐकू आली ते आपल्याच अक्षरांत लिहा; पुस्तकातली हाक उतरवून काढू नका. ढोलीची नेमकी जागा मात्र कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, फोटोतलं लोकेशनही बंद ठेवा. दिवाळीच्या तोंडावर जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारे देशभर फिरत असतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, पण पकडणाऱ्याला कायद्यापेक्षा तुमचा मेसेज आधी सापडतो.